टीवाय 175 आणि माझे पाच-पाच मार्क

12 जानेवारी, रविवार

दीड तास शेडमध्ये, बोटं बधिर, आणि कमाई काय तर माझ्या जुन्या यामाहा मोटरसायकलच्या इंजिनाच्या डाव्या कव्हरचे स्क्रू, त्यातले तीन निघाले आणि दोघांची डोकी मी स्वतःच्या हाताने गुळगुळीत केली. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर लावला होता ना. संध्याकाळी वाचत बसले तेव्हा कळलं की जुन्या जपानी गाड्यांचे स्क्रू फिलिप्स नसतातच, जेआयएस म्हणून वेगळी जात असते, दिसायला सेम टू सेम, पण खाच जराशी वेगळी, त्यामुळे फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि चढताना खाच खाऊन टाकतो. आधीच्या मालकानेही हेच केलेलं दिसतंय, बाकीच्या स्क्रूंवर त्याच्या खुणा आहेत. आता माझ्या पण.

आजचे मार्क पाच.

हे मार्कांचं एकदा लिहून ठेवते. मोटरसायकलच्या ट्रायल्स म्हणजे रेस नाही. दगड, ओढा, झाडाची मुळं, चिखलाचा चढ असा एक तुकडा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात, आणि त्यातून गाडी पाय न टेकता बाहेर काढायची. नाहीच टेकला तर शून्य, एकदा टेकला तर एक, दोनदा दोन, त्यापुढे कितीही वेळा टेका तीनच, आणि पडलात, गाडी बंद पडली किंवा आखलेल्याच्या बाहेर गेलात की पाच. ज्याचे मार्क कमी तो जिंकला. सांगलीत दहावीला 87 टक्के पडले म्हणून आठ दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण बघितलेल्या मुलीला हा हिशोब पहिल्या झटक्यात आवडला.

ऑक्टोबरात नवरा आणि मी इथे इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या स्वेलडेलला गेलो होतो, खरं तर चीज आणायला, आणि तिथे स्कॉट ट्रायल चालू होती. 1914 ला आल्फ्रेड स्कॉट नावाच्या मोटरसायकलवाल्याने आपल्या कारखान्यातल्या लोकांसाठी सुरू केलेली, आणि तो कारखाना कुठे तर आमच्या शिपलीत! चार वर्षं इथे राहतेय, कुणी बोललं नाही. एक साठीतला माणूस गुडघाभर ओढ्यातून, गाडीवर उभा राहून, चालण्याच्या स्पीडने, फुटबॉलएवढ्या दगडांवरून गेला आणि इंजिन नुसतं टक टक टक करत होतं. मला एकदम बाबा दिसले. बाबा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात, आणि उसाच्या रानातल्या पाटाच्या कडेने राजदूत न्यायचे ती अशीच, उभं राहून, बूट चिखलात बुडू नयेत म्हणून.

नोव्हेंबरात मी यामाहा टीवाय 175 घेतली. 1976 ची. अर्धी गाडी आणि तीन खोके. नवऱ्याने खोक्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "असेंब्ली इन्क्लूडेड नाहीये वाटतं."

25 जानेवारी, शनिवार

इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. हातोडीने ठोकलं की तो टोक खाली दाबत दाबतच थोडासा फिरतो, त्यामुळे अडकलेला स्क्रू हलतो. दोन्ही गुळगुळीत स्क्रू निघाले, एक तर असा टक्क करून की मी शेडमध्ये एकटीच ओरडले. शेजारच्या आजोबांनी भिंतीवरून विचारलं, "ऑल राइट, लव्ह?" इथे बसवाला पण लव्हच म्हणतो, पहिल्या वर्षी दचकायचे.

मग मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) टोकावरचं, ठिणगीसाठी वीज करणारं चाक. त्याचा नट सोडवताना क्रँक फिरतो, म्हणून तो अडवायला पाहिजे. ह्याच आजोबांनी सांगितलं की प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोड, पिस्टन वर येऊन दोरीवर टेकतो आणि थांबतो, काही तुटत नाही. कपडे वाळत घालायची दोरी कापली. नट आला, पण मॅग्नेट जागचं हलेना. मी हातोडी उचलली होती, खरंच उचलली होती. आजोबा म्हणाले, ठेव ती. पुलर आण, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं अवजार.

आजोबा 78 वर्षांचे, साठच्या दशकात बीएसए बँटमवर ट्रायल्स करायचे. मिक अँड्र्यूजचा विषय निघाला की थांबत नाहीत. स्कॉटिश सिक्स डेज, म्हणजे स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमची सहा दिवसांची ट्रायल, त्याने पाच वेळा जिंकली, तीन वेळा ओसा नावाच्या स्पॅनिश गाडीवर आणि 1974, 1975 ला यामाहावर. ह्यातली यामाहावाली वर्षं ते मला अशी सांगतात की जणू माझ्या माहेरच्या माणसाने जिंकली.

आज दोन मार्क. हातोडी उचलली त्याचा एक, दुसरा मॅन्युअल न वाचता नट उलटा फिरवला त्याचा.

9 फेब्रुवारी, रविवार

ह्या गाडीला सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, वगैरे काही नाही, जुन्या पद्धतीचे पॉइंट. दोन बारीक कॉन्टॅक्ट असतात, ते ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी प्लगला ठिणगी पडते. माझे काळेठिक्कर पडले होते. पॉलिश पेपरने घासले, गॅप 0.35 मिलिमीटर लावली, आणि टायमिंगला सिगारेटचा कागद. कॉन्टॅक्टमध्ये कागद धरायचा, हलका ओढत मॅग्नेट हळूहळू फिरवायचं, कागद सुटला की पॉइंट उघडला, आणि नेमकं तेव्हा मॅग्नेटवरची खूण केसवरच्या खुणेसमोर आली पाहिजे. कोपऱ्यावरच्या दुकानात मी तंबाखू नको, नुसते कागद द्या म्हणाले तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

रात्री शेडचा लाइट बंद करून, प्लग इंजिनाला टेकवून, हाताने किक मारली. निळी ठिणगी. परत मारली, परत पडली. नवऱ्याला बोलावलं, त्याच्यासमोर पण पडली. "जेवायला चल," म्हणाला.

शून्य. पहिलं शून्य.

बाबांना फोन केला. आमचे फोन म्हणजे जेवलीस का, थंडी आहे का, आईकडे देतो, संपला. आज गॅप किती ठेवलीस, कंडेन्सर बदललास का, जुना टाकून दे, तो गरम झाल्यावर दगा देतो, असं 40 मिनिटं. आईने मागून दोनदा विचारलं कुणाचा फोन आहे.

23 फेब्रुवारी, रविवार

चालू झाली! सातव्या किकला. आणि मग बंद होईना.

ॲक्सिलेटर सोडलेला, तरी रेस आपोआप चढत गेली, चढत गेली, शेड धुराने भरलं, पत्रे थरथरायला लागले आणि माझं डोकंच चालेना. प्लगची कॅप उपटायला गेले तर असा झटका बसला की कोपरापर्यंत मुंग्या. आजोबा फाटकातून आत आले, शांतपणे कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला, गाडी गुदमरून बंद. हात पुसला आणि गेले. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पाच.

8 मार्च, शनिवार

दोन आठवडे मी कार्बोरेटरच्या मागे आहे. तीन वेळा उघडला. जेट वाऱ्याने फुंकले, फ्लोट बघितला, नीडलची क्लिप एक खाच खाली, मग एक खाच वर, केबलचा ढील तपासला. आधीच्या मालकाने सगळ्या जॉइंटला सिलिकॉन थापलं होतं, त्याचा नखाएवढा तुकडा आत सापडला तेव्हा वाटलं हाच तो चोर. बसवला, किक मारली, परत तेच रडगाणं. ह्यावेळी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, जोडला होता, तेवढी अक्कल आली होती.

शेवटी व्हिडिओ काढून बाबांना पाठवला. अकरा सेकंदांचा. त्यांचा लगेच फोन.

"कार्बोरेटरला हात लावू नकोस आता. हवा घेतीय ती."

"कुठून घेणार बाबा, सगळं घट्ट आहे."

"अगं वरनं नाही. आतनं. मॅग्नेट साइडचं सील गेलंय बघ. किती वर्षं पडून होती?"

पडून होती म्हणजे आठ-दहा वर्षं तरी. आणि मग त्यांनी समजावलं ते मला आज खरं कळलं. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण थेट वर जात नाही, आधी पिस्टनच्या खाली क्रँकच्या डब्यात येतं, पिस्टन खाली आला की दाबलं जातं आणि मग वर. म्हणजे तो डबा पंपासारखं काम करतो, आणि क्रँक जिथून दोन्ही बाजूंनी बाहेर येतो तिथली रबरी सील टाइट पाहिजेत. गाडी पडून राहिली की रबर वाळतं. मॅग्नेटकडचं गेलं की बाहेरची फुकट हवा आत, पेट्रोल कमी पडतं, रेस चढते, इंजिन तापतं आणि तशीच चालवली तर पिस्टन जाम. क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढते आणि पांढऱ्या धुराचा लोट. राजदूतचं क्लचकडचं गेलं होतं म्हणे, 1989 च्या गळीत हंगामात, आणि लोक म्हणायचे साहेब आले, कारखान्याची चिमणी बरोबर घेऊन आले.

राजदूत पण 175 चीच. हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

अकरा सेकंद ऐकून सांगितलं माणसाने. मी इथे तीन वेळा कार्बोरेटर खोलला, स्प्रेडशीट केली होती नीडलच्या खाचांची.

15 मार्च, शनिवार

आधी खात्री केली. गाडी चालू करून मॅग्नेटच्या मागे क्लीनरचा फवारा मारला, रेस लगेच बदलली. मग मॅग्नेट काढलं, कॉइलची प्लेट काढली, आणि मागे ते सील. जुनं सील काढायचं म्हणजे त्याच्या कडेला बारीक भोक पाडायचं, त्यात छोटा स्क्रू पिळायचा आणि पक्कडीने तो स्क्रू ओढायचा. भोक पाडताना क्रँकला ओरखडा गेला तर नवीन सील पण गळणार. मी श्वास धरून बसले होते. सील आलं ते बिस्किटासारखं कडक, बोटात दाबलं तर मोडलं. नवीनच्या ओठाला ऑइल लावलं आणि सॉकेटने हळूहळू ठोकत सरळ बसवलं, किंमत एका मोठ्या कॉफीपेक्षा थोडी जास्त.

दुसरी बाजू पण करून टाक म्हणाले बाबा. केली. त्यात अख्खा दिवस गेला आणि गिअर ऑइलच्या ड्रेन बोल्टचे आटे माझ्या हातून गेले, तिथे आता तारेचे नवीन आटे बसवलेत. त्याबद्दल जास्त लिहायची इच्छा नाही. तीन मार्क.

30 मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारी पुढच्या चाकाचा हब ओव्हनमध्ये. नवीन बेअरिंग कालपासून फ्रीझरमध्ये होते, खवलेल्या नारळाच्या शेजारी. ॲल्युमिनियम गरम झालं की पसरतं, स्टील गार झालं की आक्रसतं, ओव्हन 100 वर अर्धा तास, आणि बेअरिंग अक्षरशः हातातून सुटून जागेवर जाऊन बसलं. हातोडी नाही, पुलर नाही. नवऱ्याने फक्त एवढं विचारलं की ह्याच ओव्हनमध्ये आता नानकटाई होणार का.

आरे भरायला मात्र घाम फुटला. 36 आरे, अर्धे हबच्या आतून, अर्धे बाहेरून, एक चुकला की सगळं उसवायचं. मी दोनदा उसवलं. मग आउट काढायचं, चाक फिरवायचं आणि बघायचं कुठे लचकतंय, तिथला एक निपल, म्हणजे आऱ्याचा नट, अर्धा फेरा आवळायचा, समोरचा ढिला करायचा. लहानपणी आमच्या गल्लीतला सायकलवाला हे करताना शेजारी खडू धरायचा, जिथे रिम लचकते तिथे खडू लागतो. माझ्याकडे खडू नव्हता, रांगोळीची कांडी चालली.

आजोबांनी चाक फिरवून बघितलं आणि मान हलवली. मग म्हणाले, हे मडगार्ड तेवढं पॉलिश करत बसू नकोस, ओढ्यात जाणार आहे ती. मला पटलं. नेटवर लोक ह्या गाड्या अशा चकाचक करतात की नंतर त्या हॉलमध्ये ठेवाव्या लागतात. टाकीवरचा ओरखडा आणि कुणीतरी चिकटवलेला अर्धा नंबर मी तसाच ठेवलाय. शून्य मार्क घेतले स्वतःला, आरे दोनदा उसवले ते विसरून.

3 मे, शनिवार

आजोबांच्या पुतण्याचं शेत. मेंढ्या, पडकी दगडी भिंत, आणि मधून एक ओढा. मागच्या टायरमध्ये हवा फक्त 4 पीएसआय, बोटाने दाबलं तर आत जातं, मला वाटलं पंक्चर आहे. तसंच पाहिजे म्हणे, टायर दगडाला कवटाळतं. पेट्रोल ई-फाइव्ह, म्हणजे पाच टक्के इथेनॉलवालं, कारण साध्या दहा टक्केवाल्या ई-टेनने जुनं रबर खराब होतं आणि मी आता रबराच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नाही. आपोआप ऑइल घालणारा ऑटोल्यूबचा पंप काढून टाकलाय, एका लिटरला 25 मिली ऑइल बाटलीत मिसळूनच टाकते. तो वास आला आणि मी एकदम उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकीवर पुढे बसलेले, पंपावर बाबा "टू टी टाक रे" म्हणतायत.

तिसऱ्या किकला चालू. आणि टक टक टक. रेस खाली, तिथेच थांबलेली.

आजोबांनी दोन काठ्या रोवून सेक्शन करून दिलं, ओढ्यात उतरायचं, तीन दगड, पलीकडे चढायचं. नवऱ्याच्या हातात फोन, फोनवर बाबा. सांगलीत रात्र झाली होती, ते चष्मा लावून, कारखान्याची जुनी डायरी उघडून बसलेले. त्या डायरीत राजदूतच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी आहेत, किती किलोमीटरला प्लग बदलला वगैरे, आणि मागच्या महिन्यात त्याच डायरीत त्यांनी माझ्या गाडीचं एक पान सुरू केलंय.

पहिला दगड गेला. दुसऱ्यावर पुढचं चाक घसरलं, डावा पाय पाण्यात. परत तोल, परत पाय. चढावर अजून एकदा, आणि वर पोचल्यावर थांबताना अजून एकदा. पण बंद पडली नाही आणि मी पडले नाही.

"चार वेळा टेकलास," बाबा म्हणाले.

"बाबा चार नसतात, तीनच असतात. त्यापुढे कितीही टेकला तरी तीनच."

"असं कसं? मी मोजलेत की."

आजोबांना विचारलं, ते म्हणाले तीन. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला मला थंडी वाजतेय. बाबांनी डायरीत चार लिहिलेत.