साताऱ्याहून अर्थशास्त्राचा अर्ज

डिसेंबर २०२३ मध्ये मी अमेरिकेतल्या अकरा विद्यापीठांकडे अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज केले. त्यांपैकी आठ ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागले आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. त्या दोनांतल्या एका पत्रात शिष्यवृत्तीचा उल्लेखच नव्हता, म्हणजे खऱ्या अर्थाने हाती एकच जागा राहिली. पहिले वर्ष संपवून आता सुट्टीसाठी साताऱ्यात आले आहे आणि ओळखीतल्या मुली एकच प्रश्न विचारत आहेत: "ताई, किती मार्क लागतात?" या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बारावी सायन्सनंतर मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले, तेव्हा घरी आठवडाभर सुतक असल्यासारखे वातावरण होते. सायन्स सोडून आर्ट्सला जाणे म्हणजे मुलीने हाय खाल्ली, असा नातेवाइकांचा सरळ अर्थ होता. वास्तविक अर्थशास्त्रज्ञांच्या नावांची साताऱ्याला वाण नाही. दारिद्र्याच्या मोजमापावर निळकंठ रथ यांच्यासह मूलभूत काम करणारे वि. म. दांडेकर यांचा जन्म साताऱ्याचा. शहरातले एक वाणिज्य महाविद्यालय धनंजयराव गाडगीळांच्या नावाने चालते. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या शाळेत ज्या मुलाचे नाव दाखल झाले, तो पुढे १९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेला. शाळेत असताना दर भाषणात आम्ही बाबासाहेबांचे नाव घेत होतो, पण ते अर्थशास्त्राचे डॉक्टर होते हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी कळले. आमच्या वर्गात अर्थशास्त्र म्हणजे व्याख्या, गुणवैशिष्ट्ये आणि दोष असे तीन मथळ्यांचे उत्तर होते, आणि ते उत्तर पाठ करून मला बासष्ट टक्के पडले.

पुढच्या शिक्षणात मात्र हा विषय जवळजवळ पूर्ण वेळ गणिताच्या भाषेत बोलतो, हे मला २०१८ च्या मे महिन्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एमएसक्यूई या गणिती अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा देताना समजले. दोन पेपर होते. सकाळचा गणिताचा, पर्यायी उत्तरांचा. दुपारचा अर्थशास्त्राचा, सविस्तर उत्तरांचा. गणिताच्या पेपरने दमवले हे अपेक्षित होते, पण दुपारच्या पेपरातही एकाही प्रश्नात "स्पष्ट करा" किंवा "टीपा लिहा" हे शब्द नव्हते. एक ग्राहक, त्याचे उपयोगिता-फलन (कोणत्या वस्तूंतून किती समाधान मिळते याचे सूत्र), दोन वस्तूंच्या किमती, आणि सरकारने एका वस्तूवर कर लावला तर काय होईल ते सिद्ध करा, अशा धर्तीचे प्रश्न. मागणीचा नियम मला तोंडपाठ होता. तो कोणत्या अटींवर सिद्ध होतो हे मात्र मला कधीच कोणी विचारले नव्हते. मी पाऊण तास आधीच उत्तरपत्रिका देऊन बाहेर आले आणि परतीच्या एसटीत खंबाटकी घाट चढेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्यानंतरचे वर्ष मी घरी काढले. एका कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी मला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सकाळी सात वाजता मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले, सातत्य म्हणजे काय? मी बारावीतले उत्तर दिले: पेन न उचलता काढता येणारा आलेख. सरांनी फळ्यावर एप्सिलॉन लिहिला आणि म्हणाले, "तू मला चालेल ती कितीही छोटी चूक सांग, मी तुला सांगतो की किती जवळ यायचे." एप्सिलॉन-डेल्टाची ती व्याख्या माझ्या डोक्यात बसायला तीन आठवडे लागले, पण ती बसल्यावर सूक्ष्म अर्थशास्त्राचे पुस्तक वेगळेच दिसू लागले, ग्राहकाला सर्वांत पसंत असा एखादा पर्याय मुळात असतोच, हे गृहीत धरण्यामागे एक प्रमेय उभे आहे, हे तेव्हा उमगले. त्या वर्गांचा एकच तोटा होता आणि तो पुढे महागात पडला: मी विद्यार्थिनी म्हणून नोंदलेली नव्हते, त्यामुळे त्या अभ्यासाचा गुणपत्रकावर मागमूस नाही.

२०१९ मध्ये सांख्यिकी संस्थेची लेखी परीक्षा पार झाली, मुलाखतीत अडले. पुण्यातल्या गोखले संस्थेत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आज हेच दरवाजे जरा वेगळ्या पद्धतीने उघडतात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची जुनी परीक्षा जाऊन २०२३ पासून तिथला प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतून होतो आणि आयआयटींच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आला आहे. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, ती आपल्याकडची मुले का विसरतात हे मला न सुटलेले कोडे आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रातच टाळेबंदी लागली आणि निम्मा अभ्यासक्रम मी साताऱ्याच्या घरात, माळ्यावर बसून केला. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

त्यानंतर दोन वर्षे मी संशोधन साहाय्यक म्हणून काम केले. गावोगावच्या पाहणीचे तक्ते तपासायचे, गणकांना फोन करायचे, आणि उरलेला वेळ स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालवायचा. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना गरिबीवरच्या प्रत्यक्ष क्षेत्रीय प्रयोगांसाठी नोबेल मिळाल्यापासून या प्रकारच्या कामाला आपल्याकडे प्रतिष्ठा आली. बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई मूळच्या पाटणकर, म्हणून मराठी वर्तमानपत्रांनी तो आनंद थोडा जास्तच साजरा केला, ते सोडा. हे काम पीएचडीच्या अर्जासाठी इतके मोलाचे का ठरते, याचे खरे कारण मात्र शिफारसपत्र आहे.

शिफारसपत्रांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण साताऱ्यातली मुलगी आणि दिल्लीतली मुलगी यांच्यातले अंतर मला सर्वांत जास्त इथेच दिसले. बहुतेक विद्यापीठे तीन पत्रे मागतात. माझ्या बी.ए.च्या सरांनी, ज्यांच्याबद्दल मला आजही मनापासून आदर आहे, पहिले पत्र दोन दिवसांत लिहून, कॉलेजच्या लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून लिफाफ्यात घालून माझ्या हातात दिले. त्यात मी शिस्तप्रिय, आज्ञाधारक आणि सुस्वभावी असल्याचे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदान केल्याचे आणि स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केल्याचे लिहिले होते. लग्नाच्या स्थळासाठी ते पत्र उत्तम होते. प्रवेश समितीला मात्र वेगळेच हवे असते: ही विद्यार्थिनी या शिक्षकाने आजवर शिकवलेल्या मुलांमध्ये कुठे बसते, तिने कोणता अवघड प्रश्न स्वतः सोडवला, आणि याआधी त्याच शिक्षकाने पाठवलेले विद्यार्थी तिथे कसे टिकले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या सरांकडे असणे शक्यच नव्हते, कारण त्यांनी याआधी कोणाला पाठवलेच नव्हते.

शिवाय लिफाफा कोणालाच नको होता. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शिक्षकाचा ई-मेल पत्ता भरायचा, मग त्यांना एक दुवा जातो आणि त्यावर त्यांनी स्वतः पत्र चढवायचे, अशी पद्धत आहे. सरांचा पत्ता जीमेलचा, तोही त्यांच्या मुलाने उघडून दिलेला. दोन विद्यापीठांच्या अर्जावर संस्थेचाच पत्ता द्यावा अशी स्पष्ट सूचना होती. शेवटी कॉलेजच्या कार्यालयाचा जो एकमेव अधिकृत पत्ता होता, तो भरला. दुवा हेडक्लार्ककडे गेला, हेडक्लार्क दिवाळीच्या सुट्टीवर होते, आणि मी मुदतीच्या आठ दिवस आधी पोवई नाक्यावर उभी राहून त्यांना फोन लावत होते. अकरापैकी तीन अर्जांना त्या सरांचे पत्र पोहोचलेच नाही. बाकीची दोन पत्रे गोखलेतल्या एका प्राध्यापिकेची आणि संशोधन प्रकल्पाच्या प्रमुखांची होती, आणि मला जी जागा मिळाली ती या दोन पत्रांमुळे मिळाली, असे मी नक्की म्हणू शकते. प्रवेश झाल्यावर तिथल्या एका प्राध्यापकांनी त्यातला एक मुद्दा मला बोलता बोलता ऐकवला.

जीआरई, म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यावी लागणारी परीक्षा, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा सुमारे दोन तासांची झाली आहे, मी ती ऑक्टोबरात पुण्याला दिली. गणितात १७० पैकी १६७ आणि इंग्रजीत १५४ मिळाले. इंग्रजीच्या गुणांसाठी रात्री जागणाऱ्यांना माझे सांगणे असे की त्या वेळेत रेषीय बीजगणित करावे. गणिताचे गुण चांगले असणे आवश्यक आहे, पण चांगले असल्याने कोणी प्रभावित होत नाही, कारण ते सगळ्यांचेच चांगले असतात. गुणपत्रकावरची पोकळी भरण्यासाठी मी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे रिअल ॲनालिसिस (सातत्य, सीमा यांचे काटेकोर गणित) आणि रेषीय बीजगणिताचे अभ्यासक्रम करून त्यांच्या परीक्षा पर्यवेक्षकांसमोर दिल्या होत्या. त्याचा उपयोग झाला, पण नियमित पदवीतल्या गुणांइतका नाही.

उद्देशपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, त्याचा माझा पहिला मसुदा "लहानपणापासून मला शेतकऱ्यांच्या प्रश्नांची तळमळ होती" अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होत होता. गोखलेतल्या प्राध्यापिकांनी तो वाचून एवढेच विचारले, "प्रश्न कुठे आहे?" मग मी आमच्या घरच्या अण्णांच्या शेतातल्या आल्याच्या पिकाबद्दल लिहिले. आमच्या कोरेगाव तालुक्यात आल्याचा भाव गाडीवर ठरतो आणि एक गाडी म्हणजे पाचशे किलो. भाव पडलेला असेल तर शेतकरी आले काढत नाही, जमिनीतच ठेवतो. कांद्यासारखी चाळ लागत नाही, रानच कोठार होते. पण पाऊस लागला की कंदकूज येते आणि रान पुढच्या पिकाला मोकळे होत नाही. म्हणजे दर महिन्याला अण्णा एकच हिशेब करतात: आज काढून हाती येणारा पैसा जास्त, की वाट पाहण्याचा हक्क जास्त मोलाचा? ज्याच्यावर सोसायटीचे कर्ज थकले आहे त्याला तो हक्क परवडतो का? भाव, कर्ज आणि काढणीची तारीख यांचा संबंध कोणत्या आकड्यांवरून तपासता येईल, हे मी पुढच्या दोन परिच्छेदांत लिहिले. उद्देशपत्राचा हा भाग अर्ध्या पानाचा होता, आणि त्याला दोन महिने लागले.

अर्जांचा खर्च सांगायला हवा, कारण तो कोणी सांगत नाही. प्रत्येक अर्जाचे शुल्क साधारण ७५ ते १५० डॉलर, जीआरई आणि इंग्रजीची परीक्षा वेगळी. माझे सगळे मिळून सव्वा लाखाच्या पुढे गेले, म्हणजे दोन वर्षांच्या पगारातली जवळजवळ सगळी शिल्लक. काही विद्यापीठे विनंती केल्यास शुल्क माफ करतात. मी दोनच ठिकाणी विचारले, आणि दोन्ही ठिकाणी ते माफ झाले. बाकी नऊ ठिकाणी संकोचाने विचारले नाही, याची चुटपुट अजून आहे.

निकाल फेब्रुवारीपासून येऊ लागले. तिकडच्या कार्यालयीन वेळा आपल्या रात्री पडतात, त्यामुळे नकार पहाटे तीनला येतो आणि सकाळी चहा करताना पुन्हा वाचला जातो. नामांकित विभागांत दरवर्षी वीस-पंचवीस जागा असतात आणि अर्ज शेकड्यांनी येतात, हे मला माहीत होते. तरी चौथ्या नकारानंतर आईने माझ्यासमोर फोनचा विषय काढणे बंद केले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठाचे पत्र आले: शुल्क माफ, पाच वर्षे विद्यावेतन, मोबदल्यात शिकवणीचे काम. त्याच आठवड्यात त्याहून बऱ्याच वरच्या एका विभागाने प्रतीक्षायादीत ठेवल्याचे कळवले.

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी आपसांत असे ठरवले आहे की शिष्यवृत्तीसह आलेल्या प्रवेशाला विद्यार्थ्याने १५ एप्रिलपर्यंत उत्तर दिले तरी चालते. प्रतीक्षायादी हलते ती याच तारखेच्या आधीच्या दोन आठवड्यांत, कोणीतरी दुसरीकडे होकार देऊन जागा सोडतो म्हणून. मी अण्णांना हे सगळे समजावले. ते म्हणाले, "म्हणजे रानात ठेवायचं, पण वळवाच्या आधी काढायचंच." मी ११ एप्रिलला हाती असलेल्या जागेला होकार दिला आणि त्याच रात्री प्रतीक्षायादीतून नाव काढून घेतले. विनाशिष्यवृत्तीच्या होकाराला मी त्याआधीच नाही म्हटले होते. पीएचडीसाठी घर गहाण टाकू नये, हे माझे ठाम मत आहे. चार दिवस आणखी थांबले असते तर काय झाले असते हे मला कळण्याचा मार्ग नाही.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र) असे तीन विषय असतात आणि शेवटी पात्रता परीक्षा. माझे दोन पेपर पहिल्या खेपेस सुटले, तिसरा ऑगस्टमध्ये पुन्हा द्यायचा आहे. काल बी.ए.च्या सरांना कंदी पेढे द्यायला गेले होते. त्यांनी टेबलावरच्या संगणकावर कॉलेजच्या नावाचा स्वतःचा नवा ई-मेल पत्ता उघडून दाखवला. यंदा दोन मुलींची पत्रे त्यावरूनच गेली आहेत, आणि पत्र लिहिण्याआधी त्यांनी दोघींना समोर बसवून एकेक गणित सोडवायला लावले होते.