ज्या फिल्ममध्ये ऊन नव्हते

मालवणात मी गेली काही वर्षे हॉटेलांचे फलक, लग्नपत्रिका आणि पर्यटकांसाठीची माहितीपत्रके तयार करते. निळा समुद्र, सोनेरी वाळू आणि वाकलेला माड या कामात इतक्यांदा मागितला जातो की हात आपोआप त्याच रंगांकडे वळतो. जुलैमध्ये एका महाविद्यालयीन मुलीने आपल्या बारा मिनिटांच्या लघुपटाचे पोस्टर आणि पोस्टकार्डे माझ्याकडे सोपवली, तेव्हाही तो तसाच वळला, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. तिने पाठवलेला कथासारांश मी वाचला होता. लघुपट पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझे पोस्टर बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाली, "ताई, आमच्या फिल्ममध्ये ऊन कुठेच नाही."

मी खिडक्या लावून घेतल्या आणि तिच्या लॅपटॉपवर लघुपट पाहिला. मग आवाज बंद करून पुन्हा पाहिला. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक होडी आणि ती यापुढे पाण्यात उतरणार नाही हे ठाऊक असलेले तिचे वृद्ध मालक, एवढाच त्याचा विषय. आभाळ, वाळू आणि पाणी यांचा रंग जवळजवळ एकच, ओला करडा. अधूनमधून भिजलेल्या जांभ्याचा गडद तांबूसपणा. आणि होडीवर झाकलेल्या ताडपत्रीचा निळा. भडक म्हणावा असा रंग तेवढाच. मालक रोज येतात, ताडपत्रीचे एक टोक उचलतात, आत हात घालून फळी चाचपतात आणि टोक पुन्हा दगडाखाली दाबून निघून जातात. होडी आपल्याला दिसते ती थेट शेवटच्या मिनिटाला. माझ्या पोस्टरवर मात्र ती पूर्ण उघडी, पाण्यावर तरंगत होती. रंग तर चुकलाच होता, शिवाय कथेने जपून ठेवलेली गोष्ट मी दारातच सांगून टाकली होती.

छपाई दुसऱ्या दिवशी व्हायची होती. ताडपत्रीवर ठेवलेल्या हाताची चौकट घ्यावी, असे आमचे ठरले, पण लघुपटाची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची आणि आडवी होती. १८ बाय २४ इंची उभ्या पोस्टरसाठी तिच्यातून कापून घ्यायचा भाग जेमतेम ८१० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला फक्त ४५ पिक्सेल. त्यातच चित्रीकरणात हलत्या हाताची बोटे पुसट आलेली. संगणकावर ती कितीही ताणली तरी त्यांत नसलेला तपशील येणार नव्हता. होडी मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर तशीच होती, आणि मालक दुपारी यायला तयार झाले. रिमझिम पावसात, छत्री कॅमेऱ्यावर धरून, आम्ही त्यांचा हात टिपला. मुलीने संकलनात वापरलेली रंगयोजना या छायाचित्राला जशीच्या तशी लावून पाहिली, तेव्हा सावल्या काळ्याठिक्कर झाल्या, कारण ती योजना व्हिडिओच्या फिकट मूळ चित्रणासाठी बेतलेली होती. शेवटी लघुपटाच्या चौकटी शेजारी ठेवून वाळू, त्वचा आणि ताडपत्री असे एकेक रंग नजरेनेच जुळवत गेलो.

अक्षरांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. लघुपटात शीर्षक म्हणजे होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ऑइलपेंटने रंगवलेले तिचे नाव. मी मात्र पोस्टरवर संगणकातला एक घोटीव फॉण्ट बसवला होता. होड्या रंगवणाऱ्या काकांकडे मुलगी मला घेऊन गेली. काकांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "अक्षर काढूचा लागता." मग त्यांनी जुन्या फळीवर तेच नाव दोनदा काढले. ब्रश वळणावर किंचित थांबे, तिथे रंग जाड होई. काना खाली येताना त्याच्या टोकाशी एक बारीक थेंब साचून राही. तो थेंब मी स्कॅनमध्ये साफ केला नाही. माझ्या मते त्या पोस्टरवरची सर्वांत खरी गोष्ट तीच आहे.

संध्याकाळी कुडाळच्या छापखान्यात पहिली प्रत हातात आली आणि ताडपत्री जांभळी झालेली दिसली. पडद्यावरचा गडद निळा शाईत उतरताना असे होते, कारण सायन या निळसर शाईबरोबर मॅजेंटा ही गुलाबी शाईही भरपूर पडते. मॅजेंटा टप्प्याटप्प्याने कमी करत आम्ही ताडपत्रीच्या पाच छोट्या पट्ट्या छापल्या, तेही चकचकीत कागद बाजूला ठेवून मॅटवर, कारण चकाकीने तो करडेपणा पार मरत होता. छापखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच पट्ट्या बरोबर वाटत होत्या, म्हणून मुलगी त्या घेऊन दाराशी गेली. बाहेर पाऊस होता आणि थोडा उजेड उरला होता. तिने एकेक पट्टी लॅपटॉपवरच्या ताडपत्रीला लावून पाहिली आणि चौथी माझ्या हातात दिली.