भाचीच्या पत्रिकेसाठी हस्ताक्षरी फॉन्ट शोधताना

भाचीला लग्नपत्रिकेवर टाकाने लिहिल्यासारखी अक्षरं हवी होती. सुलेखनकार गाठायला वेळ नव्हता, म्हणून फॉन्ट शोधायचं काम मामाच्या गळ्यात पडलं.

इंग्रजीत असे फॉन्ट ढिगाने मिळतात. अक्षरात अक्षर गुंतलेलं, शेपट्या लांबवलेल्या. देवनागरीत अक्षरं शिरोरेघेने आधीच जोडलेली, त्यामुळे हाताचा डौल दिसतो तो जाड-बारीक रेषांत, वेलांटीच्या वळणात आणि उकारात. (सलग ओघ हवा तर मोडी आहेच, पण मग पत्रिका वाचणार कोण?)

गूगल फॉन्ट्सवरून ‘कलम’, ‘तिल्लाना’ आणि ‘अमिता’ उतरवून घेतले. नमुन्याच्या वाक्यात सगळेच देखणे दिसतात, म्हणून आमचाच मजकूर टाकला: ‘चि. सौ. कां. श्रुती’, ‘चि. ऋत्विक’, ‘ज्येष्ठ’, ‘शुभमुहूर्त’, ‘आशीर्वाद’. रफार कुठे आदळतो, ‘त्वि’ची वेलांटी काना गाठते का, ‘ष्ठ’ कोंबल्यासारखा वाटतो का, हे तिथेच कळतं. ‘कलम’ नीटस आहे, पण ते रोजच्या पेनाचं अक्षर. फ्रीजवरच्या चिठ्ठीला छान, लग्नाला घरगुती. भाचीचं मन ‘अमिता’वर बसलं. एक विकतचा फॉन्ट मलाही आवडला होता, तो ताईने एका नजरेत बाद केला: “अरे, हे ल आणि श हिंदीतले आहेत!” काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपली येतात, त्यात ती सोय नव्हती.

नारायण पेठेतल्या प्रेसवर ऑपरेटरने कागद डोळ्यांजवळ नेला. “काका, नावं ठेवा यात. पत्ता, मुहूर्त साध्या अक्षरात घ्या. सोनेरी फॉइलमध्ये बारीक रेघ तुटते.” मला हे शंभर टक्के पटलं. कार्यालयाचा पत्ता नटवायचा नसतो, सापडायला हवा असतो. तो मजकूर ‘मुक्ता’मध्ये घेतला, मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा साधा, मोकळा फॉन्ट आहे.

फाइल तयार करताना इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटून पाय मोडलेले दिसू लागले. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडल्यावर ती जुळली. प्रेसच्या संगणकावर बहुतेक फॉन्ट जुने, युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरसंकेत-पद्धत येण्यापूर्वीचे. तिथे मजकूर पुन्हा टाइप होऊ नये म्हणून सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, बदलून पीडीएफ दिली. त्यानंतर मात्र स्पेलिंग सुधारता येत नाही, म्हणून त्याआधी ताईकडून मजकूर मोठ्याने वाचून घेतला.

‘अमिता’चा परवाना खुला असल्याने छपाईसाठी वेगळे पैसे पडले नाहीत. मग हावरटासारखा तोच फॉन्ट आहेराच्या पिशव्यांवर आणि कार्यालयाच्या दारातल्या फलकावरही वापरला. फलकावर तो सगळ्यांत खुलला. पत्रिकेत न दिसलेली उकारांची वळणं तिथे हातभर झाली होती.