तिकिटं जुळतात, मग रोकड कमी का?

गर्दीच्या एसटीत पुढच्या सीटपासून मागच्या बाकापर्यंत रेटत जायचं, हा माझा एकवीस वर्षांचा व्यायाम. मी वाहक. गेल्या पावसाळ्यात मधल्या दांड्याशीच थांबावं लागायला लागलं. हातात मशीन, समोरचा सुट्टे पुढे करतोय आणि माझ्या तोंडातून स्टॉपचं नावही निघत नाही.

सार्कॉइडोसिस, म्हणजे अंगात, बहुतेकदा फुप्फुसात, सुजेच्या गाठी करणारा आजार, मला नवा नव्हता. छातीच्या एक्स-रेत पहिल्यांदा गाठी दिसल्या तेव्हा टीबी समजून सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या. फरक शून्य. मग दुर्बीण घालून गाठीतून सुईने नमुना काढला, तेव्हा खरं नाव कळलं. स्टेरॉइडने गाठी वितळल्या, पण फुप्फुसात जाळीसारखे व्रण राहिले. त्यांच्यासकट बरं चाललं होतं.

त्यामुळे दम वाढल्यावर सगळं खापर व्रणांवर फुटलं. स्टेरॉइड वाढवलं. चेहरा सुजला, साखर चढली, दम तसाच. सीटी मागच्यासारखाच. नळीत फुंकायच्या तपासणीत क्षमता ६८ टक्के, आदल्या वर्षीही ६८. शेवटी दुसऱ्या डॉक्टर मॅडमना विचारलं, "तिकिटं जुळतात, मग रोकड कमी का?"

त्यांनी रिपोर्ट उलटून एका आकड्यावर बोट ठेवलं. डीएलसीओ: फुप्फुसातून रक्तात वायू किती उतरतो त्याचं माप. ५४ वरून ३१. हा आकडा आधीच्या कागदांतही घसरत होता, कुणी बघितला नव्हता एवढंच. सहा मिनिटं चालवलं तर ऑक्सिजन ९५ वरून ८१ वर. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि 'पल्मनरी हायपरटेन्शन' हा शब्द. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब. दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. माझं बीपी त्या दिवशी ११०/७० होतं! व्रण आणि गाठी वाहिन्यांना चेपतात, ऑक्सिजन कमी पडला की त्या आणखी आवळतात आणि हृदयाची उजवी बाजू रेटून रेटून थकते. घोट्यावरची सूज मी उभ्याच्या ड्यूटीची समजत होते.

इको म्हणजे अंदाज. पक्का आकडा आत नळी घालूनच मिळतो. त्याआधी फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या नाहीत ना, हे बघायला एक स्कॅन झाला. नळी मानेच्या शिरेतून घातली, मी जागी होते. भुलीची सुई टोचली तेवढंच दुखलं. नळी हृदयातून जाताना दोन-चार ठोके मात्र असे चुकले की मी टेबलाची कड धरली. सरासरी दाब ३८ निघाला; २० च्या वर गेला की आजार. डाव्या बाजूचा ११, म्हणजे डावं हृदय निर्दोष.

रात्री दोन लिटर ऑक्सिजन, चालताना चार, लघवीची गोळी, आणि सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. चिठ्ठी वाचून मेडिकलवाल्याने आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे बघितलं. हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, की ही गोळी माझ्यासारख्यांना लागू पडेलच असा भक्कम पुरावा नाही, कधी ऑक्सिजन उलट घसरतो. म्हणून पहिले तीन दिवस दवाखान्यातच ठेवलं. व्रणांच्या फुप्फुसातल्या या दाबासाठी हुंगायचं ट्रेप्रोस्टिनिल अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालंय, पण ते माझ्या आवाक्यातलं नाही. आणखी एक: सिल्डेनाफिल चालू असताना छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी चालत नाही, बीपी धाडकन कोसळतं. शेजारच्या काकू मायेने तीच घेऊन आल्या होत्या.

आता डेपोत बसून कागदांचं काम करते. परवा चालण्याच्या चाचणीत ३०५ मीटर झाले, आधी २६० होते. गोळीने की ऑक्सिजनने, ते मॅडमनाही सांगता येत नाही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऑक्सिजनचं मशीन, बंद पडतो, म्हणून भाड्याचा सिलिंडर ठेवलाय. बुधवारी रात्री त्याचा काटा बघायचं काम यांचं.