नाहीतर काय

ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उभं राहिलं की रोज एक प्रश्न कानावर येतोच, "ही वाशी का पनवेल?" मी ऐरोलीला उतरणारा, मला काय, येईल त्या गाडीत घुसायचं. पण जुईनगर-नेरुळवाल्यांना विचारावंच लागतं कारण तुर्भ्याच्या पुढे फाटा आहे, वाशी असेल तर सानपाडा नाहीतर जुईनगर. आणि अर्ध्या डब्याला त्या जर-तरशी काही देणंघेणंच नसतं.

ऑफिसात माझं कामही तेच, जर-तर. बॅशमधे, म्हणजे कॉम्प्युटरला कमांड (हुकूम) द्यायच्या एका भाषेत, स्क्रिप्ट लिहायच्या. आता या बॅशची एक गंमत, इफ सुरू केलं की संपवताना ते उलटं लिहायचं, फाय. केस (बऱ्याच पर्यायांतून एक निवडायची) उघडली की बंद करताना इसॅक. हे आलं १९७९ च्या बोर्न शेलमधून, म्हणजे बॅशच्या पूर्वजातून, तो लिहिणारे स्टीफन बोर्न आधी अल्गोल ६८ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर काम करून आलेले, तिकडची सवय इकडे आणली. डू चं उलटं मात्र ओडी नाही केलं कारण त्या नावाची कमांड आधीच होती, म्हणून तिथे डन. मराठीत असं काही असतं तर "जर पाऊस आला तर छत्री घे" म्हणून शेवटी "रज" म्हणावं लागलं असतं. आपण तर जर सुद्धा गाळतो, पाऊस आला तर छत्री घे, झालं.

तर मुद्द्याचं. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, रोज रात्री सर्व्हरची डिस्क किती भरलीय ते बघायचं, ८० टक्क्यांच्या वर असेल तर बोंब मारणारा मेल, नाहीतर "सगळं ठीक". पाच ओळी. अकरा रात्री "सगळं ठीक" आलं, मी पण खुश, आणि बाराव्या दिवशी सकाळी डिस्क गच्च आणि सगळं ठप्प.

चूक काय, तर चौकटी कंसानंतर एक स्पेस नव्हती. हसू नका. तो कंस दिसतो कंस, पण बॅशसाठी ती चक्क एक कमांड आहे, तिच्यापुढे जागा सोडावीच लागते. मी आकडा चिकटवून लिहिला, मग बॅश "कंस-ब्याण्णव" नावाची कमांड शोधत बसला, सापडली नाही, आणि कमांड सापडली नाही तर उत्तर येतं १२७. इकडे हिशोब असा की शून्य म्हणजे जमलं आणि बाकी कुठलाही आकडा म्हणजे नाही जमलं (जमायची रीत एकच असते, फसायच्या ढीगभर, म्हणून असेल). मग १२७ म्हणजे नाही, नाही म्हणजे एल्स (बॅशचं नाहीतर), आणि एल्स म्हणजे सगळं ठीक! डिस्क ब्याण्णव टक्के भरलीय हे कुणी विचारलंच नव्हतं, प्रश्नच तोंडातल्या तोंडात मेला होता. एररचा मेसेज येत होता हो, पण क्रॉनचे (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवतो तो) मेल फार येतात म्हणून तो डेव्ह-नलमधे, म्हणजे टाकलेलं सगळं गायब होतं तिथे, ढकलणारा पण मीच.

त्या दिवशी हे सगळं निस्तरून निघायला साडेनऊ झाले. आमच्याकडे नियम असा आहे की ऐरोलीहून गाडी सुटली की आईला मिसकॉल द्यायचा, आला तर ती कणीक काढते, नाहीतर मी बाहेर खाऊन येतोय असं धरायचं. आणि नेमका फोन डेड. गाडीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात तेच सुरू, मिसकॉल नाही म्हणजे एल्स, एल्स म्हणजे पोळ्या नाहीत, स्टेशनबाहेर वडापाव घ्यावा का, पण पाय इतके दुखत होते की तसाच घरी गेलो.

दार उघडलं तर कुकरची शिट्टी.

म्हटलं, "मिसकॉल तर नव्हता दिला मी."

"नव्हताच. मग मी लावला, तर बंद लागला. बंद लागला म्हणजे तू खाऊन येतोयस असं कुठं ठरलंय? भात टाकला. आमटी सकाळची आहे, चालेल ना?"