रोज्यात चव कोण बघणार?

दुबईत मी ज्या पंचतारांकित हॉटेलात सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा शेफ आहे, तिथे वर्षातला सगळ्यात अवघड महिना डिसेंबर नव्हे, रमजान. डिसेंबरात गर्दी असते, पण लोक आपापल्या वेळेने येतात. इफ्तारला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडताना, मात्र अख्खा हॉल एकाच मिनिटाला पहिला घास घेतो. ते मिनिटही रोज थोडं सरकतं. रमजान मार्चमध्ये आला तर महिनाभरात सूर्यास्त तेरा-चौदा मिनिटं पुढे जातो. म्हणून आमच्या फळ्यावर सगळ्यात वर मेन्यू नसतो, त्या दिवशीची मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ असते.

दुसरी अडचण बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. हॉट किचनमधली बरीच पोरं रोजे धरतात. भट्टीसमोर उभं राहायचं, भातावर आख्खं कोकरू ठेवलेली ऊझी सजवायची, आणि पाण्याचा घोटही नाही. ती रांधतात, चाखत नाहीत. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं असं काहीजण मानतात, पण आमच्याकडे कुणी त्या वाटेला जात नाही.

मग चव बघायला उरतो मी, एक नेपाळी शेफ द पार्टी (किचनमधला एक विभाग सांभाळणारा शेफ) आणि कोल्ड किचनमधली फिलिपिनो मुलगी. दुपारपासून खिशात चमच्यांचा गठ्ठा. तोंडात गेलेला चमचा परत पातेल्यात नाही. आधी मसुराचं सूप, मग हरीस, मग सालोना म्हणजे रस्सा, पाकातले तळलेले गोळे, लुकैमात, सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की जीभ मेलीच. मधेमधे काकडी चावायची. आईला वाटतं परदेशात पोरगा काहीतरी भारी शिजवत असेल. शिजवणं हातून कधीच सुटलं. आता चव, ऑर्डरी, ड्युटी रोस्टर आणि फेकलेल्या अन्नाचा हिशेब.

हरीस सगळ्यात फसवा. भिजवलेले गहू आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटायचं, वर तूप. 2023 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला, पण त्यात मसाला जवळजवळ नाहीच, त्यामुळे मीठ लपवायला जागा नाही. आमचा हरीस खेडचे एक चाचा करतात. चारचौघांत मला 'शेफ' म्हणतात, दोघंच असलो की 'बाबू'. "बाबू, मीठ बघून घे," म्हणतात खरं, पण पळी फिरवतानाच त्यांना सगळं कळलेलं असतं. माझं चाखणं म्हणजे नुसती सही.

अर्धा तास आधी थर्मामीटर घेऊन फिरायचं. गरम 60 अंशांच्या वर, थंड 5 च्या खाली, नोंद वहीत. मग अजान. पाहुणे खजूर, लबन (ताक), सूप घेतात, काहीजण नमाजाला उठतात. बुफेला थोडी उसंत मिळते ती तेवढीच, आणि तीच पोरांच्या रोजा सोडण्याची वेळ.

आधीच्या एका हॉटेलात त्यांना ओट्याशीच उभ्याने खजूर तोंडात टाकून कामाला लागावं लागायचं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आता रोस्टर मी लावतो. पंधरा मिनिटं लाइन आम्ही बिनरोजेवाले सांभाळतो. ते मागच्या खोलीत बसून खजूर, कांदाभजी, सरबत घेतात. तेवढ्यात ऊझीचा भात संपला तर पाहुणा पाच मिनिटं थांबेल. यावर आमच्या एक्झिक्युटिव्ह शेफशी माझं दरवर्षी वाजतं. दिवाळीत नरक चतुर्दशीची सकाळची पाळी चाचा घेतात, त्यावर मात्र तो काही बोलत नाही.