संक्रांतीनंतरचा रविवार आणि धरणाकाठची सायकल सहल

आमच्या मंडळाचे वर्षाचे कार्यक्रम ठरलेले आहेत, गणपती, कोजागिरी, शिवजयंती, पण मला विचाराल तर सगळ्यात जवळचा कार्यक्रम म्हणजे संक्रांतीनंतरच्या रविवारची सायकल सहल. सातारा आणि सायकल म्हटलं की बाहेरच्या लोकांना यवतेश्वरचा घाटच आठवतो, आमची सहल मात्र पहिल्यापासून धरणाकाठची, बहुतेक वर्षी कण्हेर, अधूनमधून धोम.

कण्हेरच्या वर्षी पहाटे राजवाड्यावर जमायचं. जानेवारीतली साताऱ्याची थंडी, कानटोप्या, मफलर, कुणाच्या तरी आईनं दिलेला तिळगुळाचा डबा आणि टपरीवरचा चहा. मंडळातले सगळ्यात थोरले आप्पा आधी सगळ्यांच्या सायकलींचे ब्रेक दाबून बघायचे, ज्याचा ब्रेक ढिला त्याला तिथंच बाजूला घ्यायचे, पाना पिशवीत असायचाच. मग मोळाचा ओढा, कोंडवे, आणि मेढ्याचा रस्ता. उजाडेपर्यंत शेतांवर धुकं असायचं, सीझन जोरात असल्यामुळं उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या घेऊन समोरून यायचे, तेव्हा पुढचा माणूस हात वर करून ओरडायचा "एका लायनीत या रे!" आणि मागं मागं ती हाक पोचत जायची. ट्रॅक्टर गेला की परत दोन दोन तीन तीन जण शेजारी शेजारी, आणि अर्धी राहिलेली गोष्ट पुढं सुरू.

आणि माझ्या मते धरणाकाठच्या रस्त्याचं खरं मोल हेच आहे की त्याच्यावर बोलता येतं. धरणाचं पाणी दरीत पसरतं, प्रत्येक ओढ्याच्या तोंडातून आत घुसतं, आणि रस्ता त्याच्या काठाकाठानं आत वळतो, परत बाहेर येतो, त्यामुळं छाती फुटेल असा चढ लागत नाही, लहान चढ, लहान उतार, उताराच्या जोरावर पुढचा अर्धा चढ तसाच निघून जातो. आठवीतली पोरं, साठी ओलांडलेले काका, साडीचा पदर खोचून लेडीज सायकलवर येणाऱ्या आमच्या बालवाडीच्या बाई, सगळे एकाच घोळक्यात राहू शकतात. जानेवारीत पाणीही भरपूर असतं कारण पावसाळ्यात भरलेलं धरण उन्हाळ्याची आवर्तनं सुटेपर्यंत फार उतरलेलं नसतं. मे महिन्यात हाच रस्ता बघा, पाणी लांब गेलेलं, मधे भेगाळलेला गाळ. म्हणून तारीख संक्रांतीच्या आसपासचीच धरली पाहिजे हा आप्पांचा हट्ट होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

घाटाची गोष्ट निराळी. कास 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांना इतका अभिमान की सहल कासलाच न्यायची ठरली. कास तलाव म्हणजे तर आमच्या घरातल्या नळाचं पाणी, त्यामुळं विरोध करणार कोण. पण यवतेश्वरचा चढ सुरू झाला आणि घोळका फुटला, तालमीतली पोरं कधीच वर, आम्ही मधे कुठंतरी सायकल हातात धरून चालणारे, लहान पोरं आणि मोठी माणसं टेंपोत. तलाव सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण जेवण तीन पंगतीत झालं आणि पहिल्या पंगतीतले शेवटच्यांना दिवसभर नीट भेटलेच नाहीत. पुढच्या वर्षी कुणी न सांगता परत कण्हेर.

एका वर्षीची पंक्चर माझ्या डोळ्यासमोर अजून आहे. आठवीतल्या एका मुलीच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला, ती रडवेली झाली कारण सायकल दादाची होती. आप्पांनी सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी, टायर एका बाजूनं सोडवून ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि तिला घेऊन थेट पाण्याच्या कडेला गेले. एरवी दुकानात घमेल्यात बुडवतात, इथं अख्खं धरण. "तू धर, तूच शोध," म्हणाले. तिनं ट्यूब पाण्यात धरून हळूहळू फिरवली, एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली आणि ती "सापडलं आप्पा!" म्हणून इतक्या जोरात ओरडली की काठावरचे बगळे उडाले. मग ट्यूब पुसून घासपेपरनं घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारून वाळवलं. घाई करायची नाही, चिकटपणा बोटाला जाणवला पाहिजे, हे आप्पांचं शास्त्र. पॅच बसवून वरून पान्याच्या मागच्या बाजूनं ठोकलं. अख्खी सहल तोवर रस्त्याकडेला बसून बोरं खात होती, कुणाला पुढं जायची घाई नव्हती. ती मुलगी आता स्वतःच्या लेकीला घेऊन सहलीला येते आणि पंक्चरचं किट तिच्याकडंच असतं.

जेवण धरणाजवळच्या एका ओळखीच्या घरी. चुलीवरच्या भाकरी, वांग्याचं भरीत, खरडा, आणि खाणाऱ्यांसाठी धरणातली चिलापी, तिखटमीठ चोळून तव्यावर. तिथल्या मावशी प्रत्येक वेळी म्हणायच्या "जेवा की पोटभर, अजून सायकल मारायचीय न्हवं!" जेवणानंतर ठरलेला तास गप्पांचा, त्यात मंडळाचा वर्षाचा हिशोब पण वाचला जायचा आणि मला वाटतं हिशोबावर कधीच भांडण न होणारं आमचंच मंडळ असेल, पोट भरलेलं आणि पाय दमलेले असताना कोण भांडणार.

धोमच्या वर्षी सायकली टेंपोत घालून वाईला न्यायच्या, हायवेवरून पोरांना चालवू द्यायची नाही हा नियम. वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार, तिथून मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागं कृष्णेचा घाट आणि तिथली ती मोठी घंटा, 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली असं सांगतात. आमच्यातले इतिहासाचे सर घाटाच्या पायरीवर उभे राहून वसईचा वेढा असा सांगायचे की पोरं घंटेला हात लावून बघायची. उजव्या हाताला पांडवगड, पुढं धोम गावात नरसिंहाचं देऊळ आणि कासवाच्या पाठीवर बसलेला दगडी नंदी, आणि मग धरण, पाण्यापलीकडं कमळगड. एका वर्षी परीक्षांमुळं तारीख फेब्रुवारीत गेली तर वाटेत शेताशेतात हळद शिजत होती, तो वास सगळ्या रस्त्याला, आणि वाईत घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू होता, त्यामुळं परतताना महाप्रसाद आपोआप मिळाला.

सर अजून एक गोष्ट दरवर्षी सांगतात, मला ती फार आवडते. धोमचं पाणी कृष्णेचं, कण्हेरचं पाणी वेण्णेचं, महाबळेश्वरात लोक बोटिंग करतात ते वेण्णा लेकही याच नदीवरचं, आणि दोन्ही नद्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला मिळतात. म्हणजे कुठल्याही वर्षी कुठंही गेलो तरी आपण आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला गेलो. हे ऐकल्यापासून माहुलीचा पूल ओलांडताना मी दोन्हीकडं बघतोच.

आता नवीन पोरांकडं गिअरच्या सायकली आहेत, मोबाईलवर किलोमीटर मोजतात, हेल्मेट घालतात ते तर फारच चांगलं. त्यांचं म्हणणं की तापोळ्याला जाऊ, कोयनेचं पाणी बघू. जावं, जरूर जावं, पण ती वेगळी राईड करा, तालमीच्या पोरांची. संक्रांतीनंतरच्या रविवारी आपली सहल अशा रस्त्यालाच हवी जिथं बालवाडीच्या बाई आणि आठवीतलं पोरगं शेजारी शेजारी सायकल चालवू शकतील, याच्यावर मी बैठकीत बोललो आणि आप्पांनी मान हलवली. यंदा कण्हेर नक्की झालंय, मावशींच्या सुनेला भाकरीचा आकडा कळवायचा आहे, तर येणाऱ्यांनी नावं या आठवड्यात द्या आणि चिलापी खाणार का नाही ते पण सांगा.